कातिनच्या वाटेवरचा महापौर

(कोल्हापूर येथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



आज मी एका महापौराबद्दल बोलणार आहे. शहर पोलंडची राजधानी वॉर्सा आणि महापौरांचं नाव लेख काचिन्स्की. जगाच्या लक्षात ते राहिले ते पोलंडचे राष्ट्राध्यक्ष म्हणून, कारण १० एप्रिल २०१० रोजी रशियातल्या स्मोलेन्स्कजवळ जे विमान कोसळलं, त्यात ते राष्ट्राध्यक्ष या नात्याने निघाले होते. पत्नी मारिया सोबत होत्या. विमानातल्या ९६ जणांपैकी एकही वाचला नाही. पण त्या सकाळी ते तिकडे का निघाले होते, याचं उत्तर राष्ट्राध्यक्षपदाच्या कागदपत्रांत पुरतं मिळत नाही. ते मिळतं त्यांच्या आईवडिलांच्या घरात, बायकोच्या माहेरी आणि २००२ ते २००५ या तीन वर्षांत त्यांनी वॉर्साच्या महापालिकेत केलेल्या कामात. म्हणून आज मी त्यांच्याकडे मुख्यतः महापौर म्हणून बघणार आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सरकार जेव्हा मेलेल्या माणसांबद्दल खोटं बोलायला लागतं, तेव्हा खरं काय ते सांगण्याची जबाबदारी घरांवर येते. आई मुलाला सांगते, आजी नातवाला सांगते, तेही दार लावून. काचिन्स्की अशा घरात वाढले. महापौर झाल्यावर त्यांनी घरातलं ते काम शहराच्या अंदाजपत्रकात आणलं. त्यातून फार मोलाचं काही उभं राहिलं आणि त्याच वृत्तीच्या हट्टातून काही अन्यायही झाला. दोन्ही सांगायला हवं. विषय जाहीर झाल्यावर काही मित्रांनी विचारलं की वॉर्साच्या महापौराचं कोल्हापूरला काय? या गोष्टीतला एक धागा आपल्या करवीर तालुक्यातून जातो. तो ओघात येईल.

वडिलांपासून सुरुवात करू. राइमुंद काचिन्स्की यांचा जन्म १९२२ चा. बालपण बारानोविचे या गावात गेलं. ते गाव तेव्हा पोलंडमध्ये होतं, आज बेलारूसमध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धात पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने सप्टेंबर १९३९ मध्ये सोळा दिवसांच्या अंतराने हल्ला केला आणि देश वाटून घेतला. पोलंडचं सरकार लंडनला गेलं आणि देशात भूमिगत फौज उभी राहिली. राइमुंद त्या फौजेत होते. १ ऑगस्ट १९४४ रोजी वॉर्साने जर्मनांविरुद्ध उठाव केला, तेव्हा ते मोकोतुव भागातल्या ‘बाश्ता’ रेजिमेंटमधून लढले आणि जखमी झाले. ‘विर्तुती मिलितारी’ हा पोलंडचा सर्वोच्च लष्करी सन्मान त्यांना मिळाला. तेव्हा त्यांचं वय बावीसच्या आसपास होतं.

हा उठाव ६३ दिवस चालला. सोव्हिएत फौजा विस्तुला नदीच्या पलीकडच्या काठापर्यंत येऊन पोचल्या होत्या आणि तिथून वॉर्सा जळताना बघत होत्या. दीड ते दोन लाख नागरिक मारले गेले. एकट्या वोला या भागात ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जर्मनांनी हजारो माणसं, बायकामुलांसकट, भिंतीला उभी करून मारली. शरणागतीनंतर उरलेल्या लोकांना शहराबाहेर काढलं आणि मग रिकाम्या शहरातले वाडे, ग्रंथालयं, चर्च, राहती घरं एकेक करून सुरुंगाने उडवली. हे सगळं हिशेबाने, पथकं नेमून केलं गेलं. युद्ध संपलं तेव्हा वॉर्सातल्या बहुतेक इमारती ढिगाऱ्याच्या रूपात उरल्या होत्या.

आई याद्विगा. माहेरचं आडनाव यासिएविच, जन्म १९२६ चा, गाव स्ताराखोवित्से. जर्मन ताब्याच्या काळात पोलंडच्या बालवीर चळवळीने भूमिगत शाखा उभी केली होती. सोळा-सतरा वर्षांच्या याद्विगा तिच्यात परिचारिकेचं काम करत होत्या. युद्धानंतर त्या पोलिश भाषा आणि साहित्याच्या अभ्यासक झाल्या आणि विज्ञान अकादमीच्या साहित्य संशोधन संस्थेत काम करू लागल्या. वडील इंजिनिअर झाले आणि वॉर्साच्या तंत्रविद्यापीठात शिकवू लागले. १८ जून १९४९ रोजी त्यांना जुळे मुलगे झाले. यारोस्वाव पाऊण तासाने मोठा, लेख धाकटा.

आता त्या घरातली अडचण समजून घ्या. १९४९ मध्ये पोलंडमध्ये स्टालिनच्या छायेतलं सरकार होतं. भूमिगत फौजेत लढलेल्या माणसांना ते सरकार शत्रू समजत होतं. अनेकजण तुरुंगात होते, काहींना फाशी झाली होती. ज्यांनी स्वतःहून ऑशवित्झच्या छावणीत शिरून तिथली माहिती बाहेर पाठवली, ते विटोल्ड पिलेत्स्की १९४८ मध्ये याच सरकारच्या हातून मारले गेले होते. उठावात मेलेल्यांसाठी शहराने मोठं स्मारक उभारलं ते १ ऑगस्ट १९८९ रोजी, म्हणजे पंचेचाळीस वर्षांनी. तोवर त्या मृतांचं खरं स्मारक होतं ते घरातलं बोलणं आणि दर १ ऑगस्टला पोवाँस्कीच्या कबरस्तानात लावलेले दिवे. लेख आणि यारोस्वाव झोलिबोझ या उपनगरात अशा वातावरणात वाढले. शाळेतला इतिहास आणि जेवणाच्या टेबलावरचा इतिहास एकमेकांशी जुळत नव्हता, आणि टेबलावरचा खरा आहे हे मुलांना ठाऊक होतं.

एक हलकी गोष्ट इथे सांगायला हवी, कारण पोलंडमध्ये ती प्रत्येकाला माहीत असते. १९६२ मध्ये ‘चंद्र चोरणारी दोन पोरं’ अशा अर्थाच्या नावाचा एक बालचित्रपट आला. कोर्नेल माकुशिन्स्की यांच्या लोकप्रिय पुस्तकावरचा. त्यातल्या दोन व्रात्य जुळ्यांची कामं या भावांनी केली. पुढे दोघं राजकारणात गेल्यावर विरोधकांना तो चित्रपट आयताच हाती लागला. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं इतकंच की पोलंडने या दोघांना लहानपणापासून जोडीने पाहिलं होतं. २०१० मध्ये जोडीतला एक गेला, तेव्हा लोकांना राजकारणापलीकडचं काहीतरी तुटल्यासारखं का वाटलं, ते यावरून कळतं.

आता मारियाकडे येतो. इथूनच कातिन सुरू होतं.

मारिया मात्स्केविच यांचा जन्म १९४२ चा, पोलंडच्या तेव्हाच्या ईशान्य मुलखातला. तो मुलूखही युद्धानंतर सोव्हिएत संघात गेला. वडील चेस्वाव विल्नो भागातल्या भूमिगत फौजेत होते. त्यांच्या एका भावाने जनरल आंदर्स यांच्या फौजेतून इटलीत मोन्ते कासिनोच्या लढाईत भाग घेतला. दुसऱ्या भावाला कातिनमध्ये मारण्यात आलं. एकाच घरातले तीन भाऊ असे तीन दिशांना गेले. पोलंडच्या त्या पिढीचा सगळा इतिहास या तीन भावांत सामावतो, असं मी म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

कातिन हे स्मोलेन्स्कजवळचं जंगल आहे. १९३९ मध्ये सोव्हिएत फौजेने हजारो पोलिश अधिकारी पकडले. त्यात लष्करात बोलावलेले डॉक्टर, वकील, प्राध्यापक, इंजिनिअर होते. ५ मार्च १९४० रोजी स्टालिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सह्या करून त्यांना मारण्याचा आदेश दिला. त्या वसंतात सुमारे २२ हजार माणसं मारली गेली, बहुतेकांना डोक्यात मागून गोळी घालून. काहींना कातिनच्या जंगलात पुरलं, काहींना खार्किव्हजवळ, काहींना मेद्नोये इथे. घरी येणारी पत्रं त्या वसंतात एकाएकी थांबली. एप्रिल १९४३ मध्ये जर्मनांना कातिनच्या कबरी सापडल्या आणि त्यांनी जगभर बोभाटा केला. सोव्हिएत सरकारने उलटून सांगितलं की हे जर्मनांनीच केलं, आणि चौकशी मागणाऱ्या लंडनच्या पोलिश सरकारशी संबंध तोडले. पुढची सत्तेचाळीस वर्षं हेच खोटं अधिकृत सत्य राहिलं. पोलंडमध्ये कातिनची विधवा असणं ही कागदावर लिहिता न येण्यासारखी गोष्ट होती. नवरा कुठे गेला असं फॉर्मवर विचारलं की काय लिहायचं? १३ एप्रिल १९९० रोजी गोर्बाचोव्ह यांच्या सरकारने हत्याकांड सोव्हिएत गुप्त पोलिसांनी केल्याचं मान्य केलं. स्टालिनच्या सहीचा आदेश १९९२ मध्ये बाहेर आला.

आता तो आपला धागा. अधिकारी मारले जात असतानाच एप्रिल १९४० मध्ये त्यांच्या कुटुंबांना उचललं गेलं. सुमारे ६० हजार बायका, मुलं आणि म्हातारे त्या खेपेत मालगाड्यांत भरून कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशात नेऊन टाकले. आधीच्या आणि नंतरच्या खेपांत सैबेरियाकडे नेलेले लोक वेगळेच. १९४१ मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केला, मग स्टालिनला मित्र हवे झाले आणि या लोकांची सुटका झाली. जनरल आंदर्स यांनी सुटलेल्यांतून फौज उभी केली. १९४२ मध्ये ती फौज आणि तिच्यामागे लागून हजारो बायका-मुलं कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणमध्ये आली. फौज पुढे इटलीला गेली, मोन्ते कासिनोला. बायका-मुलांना जागा हवी होती. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीत अनाथ मुलांना ठेवून घेतलं. आणि १९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानात, इथून थोड्याच अंतरावर वळिवड्याला, सुमारे पाच हजार पोलिश लोकांची छावणी उभी राहिली.

तुमच्यातल्या कित्येकांच्या घरी वडीलधाऱ्यांनी तिच्याबद्दल सांगितलं असेल. कौलारू बराकींच्या रांगा, शाळा, चर्च, दवाखाना, बालवीरांची पथकं आणि स्वतःचं रेल्वे स्टेशन. छावणीचा खर्च लंडनच्या पोलिश सरकारकडून येई. पाच वर्षं ही माणसं इथे राहिली आणि १९४८ पर्यंत इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका, आफ्रिका अशी पांगली. थोडी पोलंडला परतली. काहींच्या कबरी इथल्या ख्रिस्ती दफनभूमीत आहेत. रिकाम्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं उतरली आणि तिथे आजचं गांधीनगर वसलं. वळिवड्यातल्या कितीतरी बायकांचे नवरे, मुलांचे बाप, भाऊ आंदर्सच्या फौजेत होते आणि काहींचे कातिनमध्ये. मारिया काचिन्स्कींच्या काकांची जी गोष्ट मी सांगितली, ती वळिवड्याच्या बराकीत घरोघरी ऐकू आली असती. आज वॉर्सात मोन्ते कासिनोच्या स्मारकाजवळ कोल्हापूरचं नाव असलेलं स्मारक आहे, ते याच मुलांनी मोठेपणी ठेवलेल्या आठवणीतून झालं.

लेख काचिन्स्की वॉर्सा विद्यापीठातून कायद्याची पदवी घेऊन १९७१ मध्ये बाल्टिक किनाऱ्यावर ग्दान्स्क-सोपोतला गेले. विषय कामगार कायदा. तिथे मारिया भेटल्या. त्या सागरी व्यापाराच्या अर्थशास्त्राच्या अभ्यासक होत्या. १९७८ मध्ये लग्न झालं, १९८० मध्ये मुलगी मार्ता झाली. त्या सुमारास लेख गुपचूप चालणाऱ्या स्वतंत्र कामगार संघटनांच्या लोकांना कायदा शिकवत होते. मालकाने काढून टाकलं तर कुठलं कलम लावायचं, काम थांबवण्याचा हक्क कुठे आहे, अशा गोष्टी. ऑगस्ट १९८० मध्ये ग्दान्स्कच्या गोदीत क्रेन चालवणाऱ्या आना वालेंतिनोविच यांना निवृत्तीला काही महिने उरले असताना कामावरून काढलं. त्यावरून संप पेटला आणि त्यातून ‘सॉलिडॅरिटी’ ही स्वतंत्र कामगार संघटना जन्माला आली. लेख संपसमितीचे कायदा सल्लागार होते. डिसेंबर १९८१ मध्ये लष्करी कायदा लागला तेव्हा त्यांना उचललं आणि ऑक्टोबर १९८२ पर्यंत स्त्शेबिएलिनेकच्या छावणीत ठेवलं. पुढे १९८९ च्या गोलमेज वाटाघाटी, सिनेटची जागा, लेखापरीक्षण करणाऱ्या सर्वोच्च संस्थेचं अध्यक्षपद, २००० मध्ये न्यायमंत्रिपद. भावाबरोबर २००१ मध्ये ‘कायदा आणि न्याय’ पक्ष काढला. या टप्प्यावर मी रेंगाळणार नाही, राजकारण्यांच्या चरित्रात ते मिळतंच.

नोव्हेंबर २००२ मध्ये पोलंडमध्ये महापौरांची निवडणूक पहिल्यांदाच थेट मतदारांकडून झाली. दुसऱ्या फेरीत सुमारे ७० टक्के मतं घेऊन काचिन्स्की वॉर्साचे महापौर झाले. निवडणुकीतला त्यांचा मुद्दा होता महापालिकेतली साटीलोटी मोडण्याचा. त्यांनी जुने करार उकरायला सुरुवात केली. टीकाकार म्हणत की या तपासाच्या धाकाने कुणी सहीच करेना आणि कामं अडून राहिली. यात तथ्य होतं. रस्ते, पूल, मेट्रो यांच्या जोरावर त्यांची कारकीर्द कुणी आठवत नाही.

आठवतं ते संग्रहालय. वॉर्सा उठावाचं संग्रहालय व्हावं ही मागणी अनेक वर्षं रखडली होती. जागा ठरायची, वाद व्हायचा, फायली फिरायच्या. काचिन्स्कींनी तारीखच ठरवून टाकली: उठावाला साठ वर्षं होतील त्या दिवसापर्यंत दारं उघडली पाहिजेत. जागा निवडली वोलामधली, ट्रामला वीज पुरवणाऱ्या जुन्या विद्युतकेंद्राची. ज्या वोलात तो संहार झाला होता, तिथलीच. जेमतेम वर्षभरात संग्रहालय उभं राहिलं आणि ३१ जुलै २००४ रोजी त्याचं उद्घाटन झालं. आत गेलं की भिंतीतून ठोके ऐकू येतात, छपाईयंत्रं दिसतात, भूमिगत गटारांतून लढवय्ये कसे सरकत ते कळतं. बाहेरच्या बागेत भिंतीवर मारल्या गेलेल्या हजारो लढवय्यांची नावं कोरलेली आहेत.

महापौरांनी इतकी घाई का केली? उठावात वीस वर्षांचा असलेला माणूस २००४ मध्ये ऐंशीचा होता. राइमुंद काचिन्स्कीही ऐंशी ओलांडून पुढे गेले होते. एप्रिल २००५ मध्ये ते वारले. म्हणजे आपण ज्या शहरासाठी लढलो त्या शहराने आपली नावं भिंतीवर लिहिलेली, हे त्यांच्या पिढीतल्या काहींना जिवंतपणी बघता आलं. महापालिकेचा पैसा अशा कामावर खर्च करावा का, रस्ते का नको, असं त्या वेळी विचारलं गेलं. मला वाटतं खर्च योग्य होता, आणि वेळही. पाच वर्षं उशीर झाला असता तर ते संग्रहालय फक्त नातवंडांसाठी उरलं असतं.

त्याच काळात त्यांनी इतिहासकारांकडून युद्धात वॉर्साचं झालेलं भौतिक नुकसान मोजून घेतलं. तो आकडा ४५ अब्ज डॉलरहून जास्त निघाला. आणि जानेवारी २००५ मध्ये पोलिश ज्यूंच्या इतिहासाच्या संग्रहालयासाठी शहर, सांस्कृतिक मंत्रालय आणि ज्यू इतिहास संस्थेशी निगडित संघटना यांच्यात करार झाला, त्यावर महापौर म्हणून सही काचिन्स्कींची आहे. युद्धापूर्वी वॉर्साच्या लोकसंख्येत जवळजवळ एकतृतीयांश ज्यू होते. त्यांची आठवण शहराने आपली मानली, याचं श्रेय देताना हात आखडता घेऊ नये.

आता दुसरी बाजू. २००४ आणि २००५ मध्ये समलिंगी नागरिकांनी समान हक्कांसाठी शहरातून मिरवणूक काढायची परवानगी मागितली. महापौरांनी दोन्ही वर्षी नाकारली. २००५ मध्ये लोक परवानगी नसताना रस्त्यावर आले. प्रकरण स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेलं आणि मे २००७ मध्ये निकाल आला: पोलंडने सभास्वातंत्र्याचा भंग केला होता आणि भेदभावही केला होता. स्वतः संचारबंदी, छावणी आणि बंदी भोगलेल्या माणसाने हे केलं. मला याचा त्रास होतो आणि तो मी लपवणार नाही. शहर कुणाचं, या प्रश्नावर त्यांच्या मनात एक ठाम चित्र होतं: उठावातल्यांचं, कातिनच्या विधवांचं, श्रद्धावान घरांचं. त्या चित्रात जो बसत नव्हता, त्याच्यासाठी रस्ता मोकळा करणं त्यांना जमलं नाही.

डिसेंबर २००५ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले. जाताना महापालिकेतली आपली माणसं बरोबर घेऊन गेले. वॉर्साचे उपमहापौर स्वावोमिर स्कशिपेक पुढे मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर झाले, दुसरे उपमहापौर व्वादिस्वाव स्तासियाक राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाचे प्रमुख. १० एप्रिलच्या विमानात दोघंही होते. वॉर्साच्या महापालिकेतलं ते एक पथकच त्या दिवशी संपलं.

कातिनच्या हत्याकांडाला २०१० मध्ये सत्तर वर्षं झाली. ७ एप्रिलला पोलंडचे पंतप्रधान टुस्क आणि रशियाचे पंतप्रधान पुतिन कातिनला एकत्र गेले. दोन देशांत बर्फ वितळतंय असं वाटत होतं. राष्ट्राध्यक्षांशी टुस्क यांचं पटत नव्हतं आणि रशियाशी काचिन्स्कींचं त्याहून कमी. २००८ मध्ये जॉर्जियावर रशियन फौजा चालून गेल्या, तेव्हा ते तिबिलिसीला गेले होते. तिथे थेट उतरायला सांगूनही वैमानिकाने नकार दिला आणि विमान अझरबैजानमध्ये उतरवलं. कातिनच्या आपल्या स्मरणसोहळ्यासाठी त्यांनी १० एप्रिल ठरवली. बरोबर कातिनच्या वारसांचे प्रतिनिधी, संसदेचे सदस्य, सैन्यदलांचे प्रमुख, धर्मगुरू. आना वालेंतिनोविच होत्या, त्याच क्रेनवाल्या बाई, आता ऐंशीच्या. आणि रिशार्द काचोरोव्स्की होते, नव्वद वर्षांचे. त्यांची कथा वळिवड्याच्या माणसांची कथा आहे. बालवीरांचे नेते म्हणून सोव्हिएत पोलिसांनी पकडलं, मृत्युदंड दिला, तो बदलून कोलिमाच्या छावणीत धाडलं, तिथून आंदर्सच्या फौजेत, मग मोन्ते कासिनो. पुढे लंडनच्या निर्वासित सरकारचे ते शेवटचे राष्ट्राध्यक्ष झाले आणि १९९० मध्ये त्यांनी पदाची मानचिन्हं पोलंडचे नवे राष्ट्राध्यक्ष वालेसा यांच्या हाती सोपवली.

विमान होतं तुपोलेव्ह-१५४. वॉर्साहून ते जवळजवळ अर्धा तास उशिरा सुटलं. स्मोलेन्स्कचा तो विमानतळ लष्करी, जुना, आधुनिक उतरणयंत्रणा नसलेला. धुकं दाट होत गेलं. पत्रकारांचं छोटं विमान आधीच उतरलं होतं, त्यानंतर आलेलं रशियन मालवाहू विमान दोनदा प्रयत्न करून परत फिरलं होतं. दृश्यमानता आवश्यकतेच्या निम्म्याहून कमी होती. नियंत्रकांनी सांगितलं की उतरण्याजोगी स्थिती नाही. वैमानिकांनी शंभर मीटरपर्यंत उतरून बघायचं ठरवलं. धावपट्टीच्या अलीकडे जमीन खोलगट होती. जमिनीपासूनचं अंतर मोजणारं यंत्र त्या खोलगट भागावरून उंची दाखवत होतं आणि तेच आकडे वाचले जात होते, त्यामुळे विमान धावपट्टीच्या पातळीपेक्षा फार खाली आलं. ‘वर घ्या’ असा यंत्राचा इशारा वाजत राहिला. डावा पंख बर्चच्या झाडाला लागून तुटला, विमान उलटं झालं आणि पोलंडच्या घड्याळात सकाळचे ८ वाजून ४१ मिनिटं झाली असताना जमिनीवर आदळलं. पोलंडच्या चौकशी आयोगाने २०११ मध्ये वैमानिकांचं अपुरं प्रशिक्षण, खास उड्डाणं सांभाळणाऱ्या रेजिमेंटमधली बेशिस्त आणि रशियन नियंत्रकांच्या चुका या गोष्टी नोंदवल्या. ती रेजिमेंट मग बरखास्त झाली.

यारोस्वावही त्या विमानात असायचे होते. आई रुग्णालयात गंभीर होती म्हणून ते थांबले. अपघातापूर्वी थोडाच वेळ लेख यांनी विमानातून उपग्रह-फोनवरून भावाला फोन केला, आईच्या तब्येतीबद्दल. दुपारी यारोस्वाव स्मोलेन्स्कला गेले आणि त्यांनी भावाचा देह ओळखला. आईला ही बातमी काही आठवडे सांगितलीच नाही. ज्या बाईने आयुष्यभर मुलांना खरं तेच सांगितलं होतं, तिच्यापासून तिच्याच मुलाचं मरण काही आठवडे लपवावं लागलं. याद्विगा जानेवारी २०१३ मध्ये गेल्या.

१८ एप्रिलला लेख आणि मारिया यांना क्राकुवच्या वावेल कॅथेड्रलमध्ये, राजांच्या आणि मार्शल पिउसुद्स्कींच्या शेजारी ठेवलं. आइसलंडच्या ज्वालामुखीची राख युरोपभर पसरली होती, म्हणून अनेक देशांचे प्रमुख पोचू शकले नाहीत. वावेलचा मान त्यांना द्यावा का, यावरून क्राकुवमध्ये निदर्शनं झाली. पुढची वर्षं आणखी कडवट गेली. विमान पाडलं गेलं असा दावा भावाच्या पक्षाने उचलून धरला आणि सत्तेत आल्यावर त्यासाठी वेगळी समिती नेमली. तिच्या दाव्यांना ठोस आधार मिळाला नाही, २०२३ मध्ये नव्या सरकारने ती गुंडाळली. मला हे सांगताना दुःख होतं. ज्या घराने एका खोट्याविरुद्ध इतकी वर्षं टिकाव धरला, त्याच घरातला माणूस अपघाताचं वास्तव स्वीकारू शकला नाही. दुसरीकडे मृतदेहांची ओळख पटवताना गंभीर चुका झाल्या होत्या. वालेंतिनोविच आणि काचोरोव्स्की यांचे देह चुकीच्या कबरींत गेले होते, हे २०१२ मध्ये उघड झालं. कातिनच्या कथेत वारसांना सर्वांत जास्त छळलं ते याच प्रश्नाने, की माझा माणूस नेमका कुठे पुरला आहे. तो प्रश्न २०१० च्या वारसांनाही पुन्हा विचारावा लागला.

काचिन्स्कींनी कातिनमध्ये करायचं भाषण लिहून तयार होतं, ते नंतर प्रसिद्ध झालं. त्यात कातिनच्या खोट्यावर कठोर शब्द आहेत, पण सत्याच्या पायावर रशिया आणि पोलंड यांच्यातली ही जखम आता पूर्ण भरून यावी असंही आहे. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी रशियाच्या सरकारी वाहिनीने आंद्झेय वायदा यांचा ‘कातिन’ हा चित्रपट देशभर दाखवला. वायदांचे वडील त्याच हत्याकांडात मारले गेले होते. नोव्हेंबर २०१० मध्ये रशियाच्या संसदेने ठराव करून कातिन स्टालिनच्या आदेशाने झालं असं जाहीर केलं. ती दारं फार काळ उघडी राहिली नाहीत. जून २०२२ मध्ये कातिनच्या स्मारकावरचा पोलिश ध्वज उतरवण्यात आला.

आणि एक यादी अजून यायची आहे. ५ मार्च १९४० च्या आदेशाखाली आजच्या बेलारूसमधल्या तुरुंगांत होते ते सुमारे ३,८७० लोकही मारले गेले. राइमुंद काचिन्स्की ज्या बारानोविचेत वाढले, त्याच बाजूचा हा मुलूख. युक्रेनमधल्या तुरुंगांतल्यांची नावं १९९४ मध्ये मिळाली. बेलारूसमधल्यांची मिळालेली नाहीत. ती माणसं कोण होती आणि कुठे पुरली आहेत, हे त्यांच्या घरच्यांना कागदावर अजून कुणी दिलेलं नाही.